गोलंदाज बाळू पालवणकर

संत, वीर, कवी आणि देशभक्त ह्यांची चरित्रे विद्यार्थ्यांना क्रमिक पुस्तकांतून वाचावयास मिळतात. खेळाडूंच्या वाट्यास हा मान क्वचितच येतो. आणि आला, तरी त्याने किती धावा काढल्या व किती गडी बाद केले एवढे सांगून लेखक मोकळा होतो. ह्या अंकात आम्ही ज्या पुरुषाचा परिचय करून देऊ इच्छितो, त्याच्या चरित्रात गड्यांचा हिशेब मोठाच आहे. तथापि केवळ तेवढ्यासाठी आम्ही लेखणी हाती घेतली नसती. ह्या पुरुषाच्या हातचा चेंडू सर्वांनी आनंदाने घेतला, परंतु त्याच हाताने उचललेला पेला पुष्कळांना चालला नाही. चेंडू आणि पेला ह्यांमधील हे अंतर किती दिवसांनी आणि कसे कमी होत गेले, हेच बाळू पालवणकर ह्यांचे चरित्र होय.

आमच्या अंजनगाव-सुर्जीची मुले कपाशी निघून गेलेल्या वावरात तीन पऱ्हाट्या रोवून क्रिकेट खेळतात, आणि ह्या खेळास कोणाची बंदी असेल ही कल्पनाही त्यांच्या मनात येत नाही. पण हा खेळ आपल्या देशात आला तो सर्वांसाठी आला नाही. सन १७२१ मध्ये खंबायतच्या किनाऱ्यावर इंग्रज खलाशी तो खेळले, असा जुना दाखला आहे. पुढे इंग्रजांचे राज्य पसरले. ज्या वर्षी आमच्या ह्याच गावी शिंदे व इंग्रज ह्यांचा तह झाला, त्या १८०३ सालानंतर तर दख्खनेत त्यांचा पाय पक्का रोवला गेला. जेथे त्यांची छावणी, तेथे त्यांचा क्लब, आणि जेथे क्लब, तेथे क्रिकेटचे मैदान. एतद्देशीयांपैकी प्रथम पारशी लोकांनी हा खेळ उचलला. १८४८ साली मुंबईत त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब निघाला. हिंदूंचा पहिला क्लब १८६६ सालचा, तो प्रभू ज्ञातीच्या तरुणांनी काढला. मागोमाग आणखी क्लब निघाले; पण कोणता क्लब कोणत्या जातीचा अगर कोणत्या प्रांताचा, हे त्यांच्या नावांवरूनच कळे. समाज जसा कप्प्याकप्प्यांनी राहात होता, तसाच तो मैदानावर उतरला. ह्यात नवल ते काय?

आणखी एक गोष्ट येथे सांगून ठेवली पाहिजे, कारण तीवाचून पुढील कथा नीट समजणार नाही. इंग्लंडात त्या काळी फलंदाजी हे सभ्य गृहस्थाचे काम आणि गोलंदाजी हे बव्हंशी मजुरीचे काम समजले जाई. तेथे हौशी खेळाडू 'जेंटलमेन' आणि पगारी खेळाडू 'प्लेअर्स' ह्या नावांनी ओळखले जात. ह्या दोघांचा सामना १८०६ साली सुरू झाला, तो १९६२ पर्यंत चालला. पगारी माणसाने दिवसभर चेंडू टाकावेत, हौशी माणसाने ते टोलवावेत. आणि मैदानावर येताना दोघांनी निरनिराळ्या दारांनी यावे, अशी तेथील रीत. हिंदुस्थानात आलेल्या साहेबांनी ही रीत बरोबर आणली. त्यांना सरावासाठी चेंडू टाकणारा नोकर हवा असे. आमच्या चरित्रनायकाचा ह्या खेळात प्रवेश झाला तो ह्याच दाराने.

बाळूंचा जन्म सन १८७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे. आडनाव त्यावरूनच पडले. जात चर्मकाराची, म्हणजे त्या काळच्या समजुतीप्रमाणे अस्पृश्य. वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे कुटुंब पुण्यास राहू लागले. तेथे गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेले चेंडू व फळ्या घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम खेळावयास शिकले. क्रिकेटचा चेंडू कातड्याचा, आणि कातडे कमावणे हा तर ह्यांच्या ज्ञातीचा पिढीजात धंदा. कातड्यास स्पर्श केल्याने ही मंडळी अस्पृश्य ठरली, आणि कातड्याच्याच चेंडूस स्पर्श करण्यासाठी पुढे मोठमोठी कुलीन मंडळी भर उन्हात धावू लागली! ह्यावर आम्ही अधिक काही लिहीत नाही.

बाळूंची पहिली चाकरी पुण्यातील एका पारशी क्लबात होती. पगार दरमहा ३ रुपये. मैदान झाडणे, खेळपट्टीवर रूळ फिरविणे, आणि सभासदांची इच्छा झाल्यास त्यांना दोन-चार चेंडू टाकणे एवढे काम. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात लागले, तेथे पगार १ रुपयाने वाढला. जाळी बांधावी, खेळपट्टीवर चुन्याच्या रेघा माराव्यात, टेनिसचे अंगण आखावे, असा दिनक्रम होता. एका साहेबाने त्यांचा हात पाहिला आणि त्यांस जाळीत गोलंदाजी करण्यास सांगितले. त्याच क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचे अंगाने लहानखुरे पण फलंदाजीत अत्यंत निष्णात असे अधिकारी होते. ते इतर मंडळींच्या आधी येऊन तासन् तास बाळूंकडून चेंडू टाकवून घेत, आणि बाळूंनी त्यांस बाद केले की दर खेपेस आठ आणे बक्षीस देत, अशी आख्यायिका आहे. महिन्याच्या चार रुपयांपुढे आठ आणे ही रक्कम लहान नव्हे. ह्या रोजच्या झुंजीत ग्रेगसाहेबांची फलंदाजी सुधारली आणि बाळूंची गोलंदाजी घडली. जाता जाता सांगावयाचे म्हणजे, हेच ग्रेग उतारवयात कॅथलिक पंथाची दीक्षा घेऊन धर्मगुरू झाले. आमच्या शाळेच्या वाचकांना ही गोष्ट विशेष वाटेल.

एवढी वर्षे चेंडू टाकणाऱ्या ह्या नोकराच्या हाती क्लबात फलंदाजीची फळी मात्र कोणी दिली नाही. फळी धरणे हा मालकांचा अधिकार होता.

बाळू डावखुरे, संथ गोलंदाज होते. डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचा चेंडू जमिनीवर पडल्यानंतर उजव्या हाताने खेळणाऱ्यापासून दूर वळतो. फलंदाज त्याच्यामागे फळी नेतो आणि झेल उडतो. त्यातच एखादा चेंडू वळण न घेता सरळ आत आला, म्हणजे फलंदाजाची त्रेधा उडते. हे दोन चेंडू एकाच हालचालीने टाकता येणे ह्यातच सारे मर्म आहे. ते मर्म बाळूंना शाळेत अगर पुस्तकात सापडले नाही. हजारो चेंडू टाकून त्यांनी ते हस्तगत केले. आमच्या क्रिकेट खेळणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांस दोन दिवसांत फिरकी यावी असे वाटते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पुण्यातील हिंदू क्लबाला युरोपियनांवर विजय मिळवावयाचा होता. पूना क्लबाच्या मैदानाची निगा राखणारा तरुण आपल्या संघात घेतला, तर विजय हाती येईल, हे दिसत होते. पण तो अस्पृश्य! ह्या प्रश्नावर क्लबात दोन तट पडले. संघातील तेलुगू मंडळींना बाळू हवे होते, ब्राह्मणांपैकी काहींना नको होते. त्या वेळी ग्रेगसाहेबांनीच, असला गोलंदाज हाताशी असून न वापरणे हा मूर्खपणा होईल अशा अर्थाचे मत प्रकट केल्याचे सांगतात. शेवटी बाळूंना घेतले, पण घेतले ते एका विलक्षण तडजोडीने. मैदानावर सर्वांनी एकाच चेंडूस हात लावावा. खेळ थांबला की इतरांनी मंडपात बसून चिनी मातीच्या कपांतून चहा घ्यावा, आणि बाळूंना तो मंडपाबाहेर, वापरून फेकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यात मिळावा. जेवणही निराळ्या ताटात, निराळ्या मेजावर. तोंड धुवावयाचे झाल्यास पाणी आणून देणारा नोकरही अस्पृश्यच असावा लागे. वाचकहो, क्षणभर कल्पना करा : ज्याने सकाळी चार-पाच गडी बाद करून संघास वर आणले, तो दुपारी एकटा बाहेर बसून चहा घेत आहे, आणि ज्यांच्यासाठी त्याने ते केले ते आत बसले आहेत.

पुण्याच्या हिंदू संघाने ह्या गोलंदाजाच्या बळावर साहेबांचा पराभव केला. नंतर साताऱ्यास सामना ठरला. तेथील युरोपियनांनी बाळूंची कीर्ती ऐकली होती. त्यांची फिरकी चालू नये म्हणून आठवडाभर रूळ फिरवून खेळपट्टी दगडासारखी कठीण करविली. तरीही बाळूंनी सात गडी बाद केले. पुण्यास परतल्यावर त्यांचा सत्कार झाला, आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांनी त्या कामी पुढाकार घेतला. बाळूंबरोबर खेळता येते तर त्यांच्याबरोबर खाता-पिता का येऊ नये, असा रोकडा प्रश्न न्यायमूर्तींनी मंडळींपुढे ठेवल्याचे प्रसिद्ध आहे. व्याख्यानांनी जे झाले नव्हते ते सात गड्यांनी थोडेफार केले, असे म्हणावयास हरकत नाही.

१८९६ साली पुण्यात प्लेगने कहर केला, आणि बाळू मुंबईस आले. काही काळ लष्करात आणि मग बी. बी. सी. आय. रेल्वेत त्यांनी नोकरी केली. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांच्या प्रवेशास विरोध झाला, परंतु संघाच्या कर्णधाराच्या आग्रहापुढे तो टिकला नाही. मुंबईची हवा पुण्याहून मोकळी होती. चहा व जेवण ह्यांतील भेद तेथे हळूहळू नाहीसा झाला. सन १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू व युरोपियन ह्यांचा मोठा सामना मुंबईत झाला. हिंदूंनी २४२ व १६० धावा केल्या. युरोपियनांचा पहिला डाव १९१ वर आणि दुसरा अवघ्या १०२ वर संपला. १०९ धावांनी हिंदू विजयी झाले, आणि त्या यशात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' ह्या सुधारक पत्राने ह्या विजयापेक्षाही अधिक महत्त्व दिले ते एका गोष्टीस : जातीचा विचार बाजूस ठेवून गुणी माणसास संधी दिल्यामुळेच हे घडले.

१९०७ पासून पारशी संघ मिळून ह्या सामन्यांची तिरंगी व १९१२ पासून मुसलमान संघ मिळून चौरंगी स्पर्धा झाली. संघ धर्मावरून पाडलेले, ही गोष्ट आज आपणास खटकते, आणि ती तशी खटकलीच पाहिजे. पण त्या दिवसांत मुंबईचे लोक कामधंदा सोडून ह्या सामन्यांस लोटत, आणि मैदानाच्या सभोवती तंबूंची रांग लागे.

१९११ साली सर्व धर्मांच्या खेळाडूंचा मिळून हिंदुस्थानचा संघ प्रथमच विलायतेस गेला. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग कर्णधार होते. मेजवान्या व दरबारी भेटीगाठी ह्यांमुळे महाराजांना खेळास सवड थोडी मिळाली, आणि खेळाचा भार इतरांवर पडला. २३ सामन्यांत ६ जय, १५ पराजय आणि २ अनिर्णित, असा निकाल लागला. तो काही अभिमानाने मिरविण्यासारखा नव्हे. बाळू तेव्हा पस्तिशीस आलेले. त्यांनी ह्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात त्यांनी आठ गडी घेतले. लीस्टर परगण्याचा पराभव झाला त्यातही त्यांचाच हात होता, आणि सॉमरसेट परगण्यावर एका गड्याने जो निसटता विजय मिळाला, त्यात बंधू शिवराम ह्यांनी नाबाद ११३ धावा केल्या. एका घरातील दोन भाऊ, ज्यांनी टाकून दिलेल्या फळीने खेळ शिकला, ते त्या फळीच्या मूळ मालकांच्या देशात जाऊन असे खेळले.

परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या प्रसंगीच्या मानपत्राच्या रचनेत भीमराव आंबेडकर ह्या तरुण विद्यार्थ्याचा हात होता, असे सांगतात. ह्या दोघांची गाठ पुढे निराळ्या मैदानावर पडावयाची होती.

आता आम्ही ज्या प्रकरणाकडे वळतो ते सर्वांत कष्टदायक आहे. वयाने, अनुभवाने आणि पराक्रमाने हिंदू संघात बाळूंच्या बरोबरीचा कोणी नव्हता. तरी दरवर्षी कर्णधाराची निवड झाली की नाव दुसऱ्याचेच निघे. सबबी पुष्कळ असत. कारण एकच होते, आणि ते सर्वांस ठाऊक होते. माणूस चेंडू टाकण्यास चालतो, पण आज्ञा करण्यास चालत नाही! १९१३ साली कर्णधार झालेले श्री. पै ह्यांनी सत्कारप्रसंगी मोकळेपणाने सांगितले की, हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंना मिळावयास हवा होता. पै ह्यांच्या ह्या सरळपणाचे आम्हास कौतुक वाटते. परंतु निवड करणारी मंडळी ऐकून होती तशीच बसली.

हे वैगुण्य आपल्याच देशातील असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेत बेसबॉल हा राष्ट्रीय खेळ मानतात. एका सेनाधिकाऱ्याने १८३९ साली कूपर्सटाउन गावी तो एकाएकी निर्माण केला, अशी कथा तेथे पुष्कळ दिवस शिकविली गेली. ती खरी नाही. इंग्लंडातील मुलांच्या चेंडू-दांडूच्या खेळांतून तो वाढला, आणि न्यूयॉर्कमधील कारकून-व्यापारी मंडळींच्या निकरबॉकर क्लबाने १८४५ साली त्याचे नियम लिहून काढले. ज्या मंडळींनी आपल्या खेळास स्वातंत्र्याचे प्रतीक म्हटले, त्यांनीच काळ्या वर्णाच्या खेळाडूंस त्यातून वगळले. मोझेस वॉकर हा काळा गृहस्थ १८८४ साली टोलीडोच्या संघातून खेळला. पण लवकरच दार बंद झाले, ते १९४७ च्या एप्रिलात जॅकी रॉबिन्सन ह्यांनी उघडीपर्यंत साठ वर्षांवर बंदच राहिले. बाळू पुण्याच्या हिंदू संघात शिरले ते रॉबिन्सनच्या पुष्कळ आधी. आपल्याकडे दार उघडले होते, पण अर्धेच.

ते पुरते उघडण्यासाठी घरचीच माणसे उभी राहिली. बाळूंचे तीन बंधू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल, हे तिघेही नामांकित क्रिकेटपटू होते. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि नेतृत्वाच्या वाटणीतही त्यांच्या घराण्यास डावलण्यात आले. तेव्हा विठ्ठल व शिवराम ह्यांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपली कारणे वृत्तपत्रातून जाहीर केली. खेळाडूने अन्याय पोटात घालून गप्प बसावे अशी अपेक्षा करणाऱ्यांना हा धक्का होता. लोकमत त्यांच्या बाजूचे झाले. अंतिम सामन्यासाठी बाळूंना परत बोलावून उपकर्णधार करण्यात आले, आणि त्या सामन्यात कर्णधार पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, म्हणजे तेवढा वेळ तरी बाळूंनी संघाचे नेतृत्व करावे! चव्वेचाळीस वर्षांचा तो माणूस तेवढ्या वेळात कोणाला कोठे उभे करीत असेल, हे पाहावयास आम्ही असतो तर बरे झाले असते. वास्तविक कर्णधारपद त्यांस कधीच मिळाले नाही. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ गडी बाद करून ते निवृत्त झाले.

१९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्यांनी अंतिम सामन्यात युरोपियनांविरुद्ध शतक काढले, संघ विजयी झाला, आणि लोकांनी त्यांस खांद्यावर घेऊन मिरविले. विठ्ठल ह्यांनी आपल्या आयुष्याची हकीकत मराठीत लिहिली असून ती १९४८ साली प्रसिद्ध झाली.

१९३२ च्या जून महिन्यात हिंदुस्थानचा संघ लॉर्ड्सच्या मैदानावर पहिला कसोटी सामना खेळला, त्याचे कर्णधार नागपूरचे सी. के. नायडू होते. बाळू तेव्हा छप्पन्न वर्षांचे. त्याच वर्षी सप्टेंबरात महात्मा गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभले, आणि दलितांच्या मतदारसंघांविषयी पुणे करार झाला. करारावर सह्या करणाऱ्यांत बाळू होते. आणि आपल्या वऱ्हाडातील पुढारी गणेश आकाजी गवई हेही होते. बाळूंचा ओढा गांधींकडे होता. स्पृश्यांशी एकत्र राहून, त्यांचे मन वळवून सुधारणा व्हावी असे त्यांस वाटे, आणि त्यांच्या स्वतःच्या आयुष्याचा अनुभवही काही अंशी तसाच होता. डॉक्टर आंबेडकरांचा ह्या मार्गावर विश्वास उरला नव्हता. अर्ध्या उघडलेल्या दारातून एक माणूस आत गेला म्हणून बाहेरच्या लक्षावधींचे काय, हा त्यांचा प्रश्न होता. १९३३ साली बाळू हिंदुमहासभेतर्फे मुंबईच्या नगरपालिकेसाठी उभे राहिले व पडले. १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांस खुद्द डॉक्टर आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. दोघांत कोणाचा मार्ग योग्य, ह्याचा निवाडा त्या मतदारांनी केला आणि तो आम्हास पटतो. परंतु हरलेल्या उमेदवाराविषयीचा आदर त्यामुळे कमी होत नाही. ज्याने मातीच्या भांड्यातून चहा घेऊनही मन कडू होऊ दिले नाही, त्याने सलोख्यावर भरवसा ठेवला ह्यात आश्चर्य नाही.

धर्मवार संघांची ती स्पर्धा १९४६ च्या आरंभी कायमची बंद झाली. १९५० च्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, आणि तिच्या पालनास शिक्षा सांगणारा कायदा १ जून १९५५ पासून अमलात आला. सार्वजनिक उपाहारगृहातील भांडी जातीच्या कारणावरून कोणास वापरू न देणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. त्यानंतर अवघ्या एका महिन्याने, ४ जुलै १९५५ रोजी, बाळू पालवणकर मुंबईत निवर्तले.